दोन लाटांच्या मधली वाळू

आमच्या विट्यातून जाणारा रस्ता थेट समुद्राला जाऊन टेकतो. गुहागर–विजापूर रस्ता. पूर्वेला जत ओलांडलं की विजापूर. पश्चिमेला कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि शेवटी गुहागर. आता त्याला राष्ट्रीय महामार्गाचा नंबर मिळालाय, पण आमच्याकडं जुनंच नाव चालतं. खानापूर तालुक्यासारख्या दुष्काळी टापूत वाढलेल्या पोराला याची मोठी मौज वाटायची, की टँकरची वाट बघत ज्या डांबराच्या कडेला आपण उभे आहोत, त्याच डांबराचं दुसरं टोक खाऱ्या पाण्यात आहे.

मी बांधकामाच्या धंद्यातला माणूस. लोक किनाऱ्यावर गेले की सूर्य बघतात, मी खाली बघत चालतो. बायको म्हणते, "साइटवर वाळू बघून पोट भरत नाही का?" नाही भरत. आमच्याकडं वाळू म्हणजे येरळेची, अग्रणीची, माणगंगेची, कृष्णेची. ब्रासवर मोजायची, म्हणजे शंभर घनफुटांवर. गिलाव्याला चाळलेली बारीक, स्लॅबला जाड. पण ही सगळी वाळू डंपरमधून उतरलेली, ढीग मारलेली, जागेवर बसलेली. वाळूला स्वतःचा काही उद्योग असतो, हे मला समुद्रावर कळलं.

वाळू साइटवर उतरली की जुना गवंडी एक चाचणी घेतो. काचेची बाटली घ्यायची, अर्धीअधिक वाळू, वर पाणी, दणकून हलवायची आणि कट्ट्यावर ठेवून द्यायची. जाड दाणे हात काढायच्या आत तळाला बसतात. बारीक दाणे मागून, सावकाश. माती सगळ्यात शेवटी. चहा होईपर्यंत वर गढूळ थर दिसायला लागतो आणि ती वाळू घ्यायची की परत पाठवायची ते ठरतं. यात यंत्र नाही, लॅब नाही. गंमत अशी की किनारा उताराचा होणार की सपाट, हेसुद्धा बऱ्याच अंशी याच बाटलीत ठरतं.

अमेरिकी अभियंता रॉबर्ट डीन यांनी १९७०च्या दशकात एक साधा हिशोब मांडला, आणि सिडनी विद्यापीठातल्या राइट आणि शॉर्ट या दोघांनी १९८४ साली तोच धागा धरून ऑस्ट्रेलियातल्या किनाऱ्यांची प्रतवारी लावली. हिशोबामागचा प्रश्न एवढाच: लाटेनं वर उडवलेला दाणा पुढची लाट यायच्या आत तळाला बसतो का?

आकडे घालून बघू. समुद्राच्या दोन लाटांमध्ये दहा सेकंद जातात असं धरा, आणि लाट दीड मीटर उंचीची. एक मिलिमीटरचा जाड दाणा पाण्यात सेकंदाला साधारण १२ ते १५ सेंटिमीटर खाली जातो. दहा सेकंदांत सव्वा ते दीड मीटर. म्हणजे पुढची लाट यायच्या सुमाराला तो खाली बसलेला असतो. परतणाऱ्या पाण्याला त्याला समुद्रात न्यायला फारसा वाव मिळत नाही. शिवाय जाड वाळूत पाणी झिरपून जातं, त्यामुळं परतीच्या पाण्यात जोरही उरत नाही. लाट वाळू वर आणून टाकते, खाली नेत नाही. किनारा चढत जातो, उभा होतो. पाण्यात चार पावलं टाकली की छातीएवढं पाणी. लाट अगदी पायाशी येऊन फुटते आणि बरीचशी शक्ती आल्या वाटेनं परत जाते.

आता पाव मिलिमीटरहून बारीक दाणा घ्या. तो सेकंदाला जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर उतरतो. दहा सेकंदांत वीतभर. तो अधांतरी असतानाच दुसरी लाट येते, मग तिसरी. ही वाळू जागेवर बसतच नाही. पाणी तिला आत ओढून दूरवर पसरवतं. असा किनारा सपाट, रुंद, पायाखाली घट्ट. लाटा लांबवरच फुटायला लागतात, एकीमागं एक पांढऱ्या रांगा, आणि काठाला येईस्तोवर त्यांच्यात घोटा भिजवण्यापुरता दम राहतो. हर्णै-मुरूडकडं गाड्या वाळूवर घालायचा मोह होतो तो याच घट्टपणामुळं. तो मोह आवरावा. भरतीनं गिळलेल्या गाड्यांचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात आणि नंबरप्लेट बघितली की आपलीच माणसं निघतात.

या दोन टोकांच्या मधे सगळे मिश्र किनारे येतात. लाटा मध्यम, वाळू मध्यम. त्यांना निश्चित रूप नसतं. पाण्याखाली वाळूचे दांडे तयार होतात, मोडतात, सरकतात. दांड्यावर लाट फुटते, दांडा आणि काठ यांच्यात खोलगट जागा राहते, आणि दांड्याला कुठंतरी खिंड पडते. पर्यटकांचा जीव जातो तो बहुतेक वेळा या खिंडीत. इथं मी थोडा थांबणार आहे, कारण बुडालेल्यांच्या बातमीत सांगली, सातारा, कोल्हापूर ही नावं फार वेळा वाचली आहेत.

आमची माणसं पोहायला भीत नाहीत. सांगलीत कृष्णेच्या घाटावर पोरं पोहायला शिकतात, पुरात आयर्विन पुलावरून उड्या मारणारेही असतात. नदीकडून एक धडा ते अंगात भिनवून घेतात: खळखळाट आहे तिथं धोका, संथ आहे तिथं बरं. समुद्रावर हाच धडा उलटा पडतो. लाटा फुटून जेवढं पाणी काठाकडं ढकलतात, तेवढं परत जायला हवं, आणि ते दांड्यातल्या त्या खिंडीतून जातं. खिंडीत पाणी खोल, म्हणून तिथं लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे एक शांत, जरा गडद पट्टा. लेकराबाळांना घेऊन उतरायला हीच जागा बरी, असं घाटावरच्या माणसाला वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण ती समुद्राकडं वाहणारी नदी असते. कोकणातली माणसं "तिथं पाण्याला ओढ आहे" एवढंच म्हणतात, आणि आपण "आम्हाला पोहता येतं" असं सांगून मोकळे होतो. ओहोटीच्या सुमाराला दांडे उथळ होतात, पाण्याला परतायला तेवढ्या खिंडीच राहतात, म्हणून तेव्हा ही ओढ बहुधा जास्त असते.

ओढीत सापडलेला माणूस काठाकडं तोंड करून जीव खाऊन हात मारतो आणि दमून बुडतो. वास्तविक नदीवाल्याला हे कळायला हवं. पुराच्या धारेत सापडल्यावर उगमाकडं कोणी पोहतं का? धार तिरकी कापत काठ गाठायचा, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. समुद्रातल्या या नदीचा काठ म्हणजे पुळण, आपण उभे असतो तो वाळूचा किनारा, नव्हे. पुळणीला तर तिचा उगम आहे. तिचे काठ तिच्या डाव्या-उजव्या अंगाला आहेत. अंग सैल सोडून तरंगायचं, किनाऱ्याला समांतर असं आडवं पोहत पट्ट्याबाहेर पडायचं, आणि जिथं लाटा फुटताहेत तिथून त्यांच्यासोबत काठाला यायचं. ज्या पांढऱ्या फेसाला आपण घाबरतो तोच काठाकडं ढकलतो. ही गोष्ट शाळेच्या सहलीची बस कुंभार्ली उतरायच्या आधी पोरांना सांगावी, बसमधल्या गाण्यांच्या भेंड्या दहा मिनिटं थांबवून. आणि एवढं कळूनही, जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर गुडघ्यापुढं जाऊ नये, हे माझं मत.

भरती-ओहोटीचा अंदाज आम्हा लोकांना येत नाही, कारण आमचं पाणी वर्षातून एकदा चढतं. सांगलीत ते फुटात मोजतात. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि पावसाळ्यात "आज किती?" एवढंच विचारलं तरी समोरच्याला कळतं. समुद्र असा चढउतार दिवसातून दोनदा करतो, साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांच्या अंतरानं, आणि रोज पन्नासेक मिनिटं उशिरा. वेंगुर्ल्याकडं उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, हा फरक सहा-सात फूट. उत्तरेकडं जावं तसा तो वाढतो. मुंबईत चार मीटरच्या पुढं जातो, आणि खंभातच्या आखातात दहा मीटरच्याही वर. ३० फुटांहून जास्त. आयर्विनचा अख्खा पूर रोज दोनदा चढवायचा आणि दोनदा उतरवायचा, तसं.

याचा किनाऱ्याच्या आकाराशी थेट संबंध आहे. लाट आपलं काम ठरावीक पातळीवर करते. ती पातळी फार हलत नसेल तर दांडा, खोलगा, उतार असं सगळं ठसठशीत घडतं. पण भरती मोठी असली की लाटांची फुटायची रेघच दिवसभर पुढंमागं सरकत राहते. कुठल्याच पट्ट्याला पुरेसा वेळ मिळत नाही आणि सगळं सपाट होत जातं. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं त्याच्या मुळाशी हेच. भरती अवाढव्य आणि लाटा किरकोळ असल्या की शेवटी वाळूही मागं पडते आणि चिखलाचं राज्य सुरू होतं. खाडीत आत शिरलं की असंच दिसतं: चिखल, कांदळवन, खेकड्यांची बिळं. म्हणून किनाऱ्यावर गेलं की आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: इथं लाट मोठी की भरती मोठी?

वेळेसाठी कोकणात एक ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊण सव्वाअकरा. गावागावानुसार मागंपुढं होतं, पण घड्याळ विसरलेल्याला पुरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढ-उतार कमी, पौर्णिमा-अमावास्येला उधाण. हे कळल्यावर माझ्या लक्षात एक आलं. आम्ही देशावरचे लोक कोकणात जातो ते दिवाळीच्या सुट्टीत. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाण, आणि दुपारी बाराच्या आत-बाहेर भरती. तर ओहोटी येणार संध्याकाळी सहाच्या सुमाराला. म्हणजे दिवाळीतला पर्यटक सूर्यास्ताला पुळणीवर उतरतो तेव्हा ती जवळजवळ सगळ्यात रुंद पसरलेली असते. दरवर्षी. त्याच्या फोनमधले सगळे फोटो एका तिथीचे. त्याला वाटतं किनारा असाच असतो.

गुहागरला आम्ही ज्यांच्याकडं उतरतो त्या काकू मात्र ऐकून घेत नाहीत. "तुम्ही घाटावरची माणसं दिवाळीत येता आणि समुद्र बघितला म्हणता. आषाढात या. त्या सुरूच्या मुळाशी पाणी असतं." एकदा जुलैत गेलो. जिथं पोरांनी क्रिकेट खेळलं होतं ती जागाच नव्हती. वाळूला उभा काप गेलेला, वाळूवर पसरणारी मर्यादवेल उघडी पडून लोंबत होती, आणि समुद्र चहाच्या रंगाचा. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा खोल समुद्रात तीन-चार मीटर उंचीच्या असतात, आणि लाटेची शक्ती उंचीच्या वर्गानं वाढते; उंची दुप्पट झाली की शक्ती चौपट. पुन्हा तोच बाटलीचा हिशोब: दाणा तोच, पण लाट मोठी आणि उसंत कमी. जो किनारा उन्हाळ्यात वाळू जमा करत होता तोच ती सोडून देतो. वाळू नाहीशी होत नाही. थोडी आत, पाण्याखाली दांडा होऊन बसते, आणि त्या दांड्यावर मोठ्या लाटा आधीच फुटून मागचा किनारा थोडा वाचतो. ऑक्टोबरनंतर लांब अंतर तोडून आलेल्या, बुटक्या, सावकाश लाटा हीच वाळू परत आणतात. त्यातल्या कित्येक लाटा पार दक्षिण महासागरातल्या वादळांतून निघालेल्या असतात. हजारो किलोमीटर येऊन त्या गुहागरला वाळू लोटतात, आणि आपण तिथं भेळ खात असतो.

म्हणून किनाऱ्याची धूप मोजायची तर मे ते मे मोजावी, ऑगस्टचा फोटो दाखवून घाबरवू नये. पण परत येणारी वाळू गेलेल्या वाळूहून सतत कमी पडायला लागली तर गोष्ट वेगळी. मग रत्नागिरीजवळ मिऱ्याला घातला तसा दगडांचा बंधारा घालावा लागतो. भिंतीमागची घरं वाचतात, हे खरं. पण उभ्या भिंतीवर आपटलेली लाट आपली शक्ती घेऊन परत फिरते आणि पायाजवळची वाळू खरवडते. माझं पोट बांधकामावर चालतं, तरी सांगतो: बंधारा घरासाठी असतो, पुळणीसाठी नाही.

रत्नागिरीचं आणखी एक प्रकरण मला आवडतं. रत्नदुर्गाच्या एका अंगाला मांडवीची काळी वाळू, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. हाकेच्या अंतरावर दोन रंग. काळेपणात इल्मेनाइट, मॅग्नेटाइटसारखी जड खनिजं आहेत, सह्याद्रीच्या कातळातून आणि जांभ्यातून सुटून आलेली. पांढऱ्यात शंखशिंपल्यांचा चुरा भरपूर. इल्मेनाइटचा दाणा साध्या वाळूच्या दाण्याच्या पावणेदोनपट जड. परतणारं पाणी हलकं ते घेऊन जातं, जड ते मागं ठेवतं, आणि हे दिवसरात्र चालू असतं. त्यामुळं समुद्राची वाळू एकजात होते, एका मापाची. ही गोष्ट बांधकामवाल्याला अडते. नदीच्या वाळूत जाड, मध्यम, बारीक सगळे दाणे असतात, मोठ्यांच्या फटीत छोटे बसतात, म्हणून काँक्रीट भरीव होतं. समुद्राची वाळू मिठामुळं सळई गंजवते हे सगळे सांगतात. मीठ धुऊन काढलं तरी हा एकजातपणा उरतोच, हे फार कोणी सांगत नाही.

हेदवीची बामणघळ, हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्ग, तिथं वाळूचं काम नाही. कातळ आणि लाट यांचा सरळ सामना. लाटा डोंगराच्या सोंडेभोवती वळून तिच्यावरच शक्ती एकवटतात आणि दोन सोंडांमधल्या उपसागरात ती पसरून मवाळ होते. म्हणून सोंडेवर कडे, आणि मधल्या कुशीत वेळणेश्वरसारखी चंद्रकोरी पुळण. दक्षिणेला देवबागला याहून निराळं. तिरक्या येणाऱ्या लाटा वाळू किनाऱ्यालगत सरकवत नेतात आणि कर्ली नदीच्या मुखाशी तिची लांब जीभ बाहेर येते. एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र, आणि मधल्या वाळूवर अख्खं गाव. त्या गावाला वाळू सरकते हे कुणी समजावून सांगायला नको.

आता सगळ्यात मूळ प्रश्न: ही वाळू येते कुठून? पुष्कळशी नद्यांतून. आणि नद्या आमच्या बाजूच्या डोंगरातून. महाबळेश्वरला पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातली सावित्री पश्चिमेला उडी घेऊन हरिहरेश्वर आणि बाणकोटच्या मधून समुद्राला मिळते, साधारण शंभर किलोमीटरांत. कृष्णा त्याच डोंगरावरून पूर्वेला वळते आणि १४०० किलोमीटर चालून आंध्रात हंसलादीवीला बंगालच्या उपसागरात जाते. येरळेतून आमच्या साइटवर आलेली वाळू खरं तर तिकडच्या किनाऱ्याला निघालेली होती. आम्ही ती अडवली नसती तरी अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर वाटेत आहेतच. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा कितीतरी ठिकाणी मागं सरकतोय, त्यामागं नदीतून येणारा गाळ आटला हे मोठं कारण आहे.

कोयनेचं आणखी वेगळं. नदी पूर्ववाहिनी, पण तिचं पाणी आम्ही बोगद्यांतून डोंगराच्या पोटातून पश्चिमेला सोडतो. कृष्णा पाणीवाटप लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, मान्य केलंय. ते पोफळीला वीज करून, कोळकेवाडीतून वाशिष्ठीत जातं आणि दाभोळ–अंजनवेलच्या मुखातून समुद्राला मिळतं. त्या मुखाच्या जरा दक्षिणेला गुहागर. म्हणजे साताऱ्याचं पाणी कोकणात पोचतं, वाळू पोचत नाही. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ही आमची गवंड्याची बाटलीच आहे, कट्ट्यावर ठेवलेली. हलवायला कोणी नाही. जाड आधी बसतं, बारीक मागून, आणि बोगद्यात शिरतं ते बऱ्यापैकी निवळलेलं पाणी. टर्बाइनलाही तेच हवं असतं, वाळू पात्यांना खाते.

उलट दिशेची वाहतूक मात्र रस्त्यावरून चालते. खाडीतली वाळू, हातपाटीची असो नाहीतर सक्शन पंपाची, डंपरमधून कुंभार्ली चढून देशावर येते. गेल्या महिन्यात स्लॅबचं काम काढलं तेव्हा वाळूवाल्याचा फोन आला.

"दादा, खाडीची देऊ का? धुतलेली आहे."

"एकजात असते ती. क्रश सँड टाक."

"पाहुणे काय म्हणतील? लोकांना नदीची, नाहीतर खाडीची लागते. क्रश सँड म्हणजे दगडाचा चुरा वाटतो."

"आणि खाडीची कशाची वाटते?"

तो हसला आणि दर सांगितला. क्रश सँड स्वस्त पडत होती. दोन ब्रास सकाळी सातच्या आत टाकतो म्हणाला, नंतर गल्लीत डंपर वळत नाही.